बार्नम फाट्याची लाइन

व्हर्ना टॉलेफसन दूध संघात लागली ती टायपिस्ट म्हणून. पण फोन कंपनीशी डोकं लावायची वेळ आली की ऑफिसातले बाकीचे लोक कागद चाळू लागत, त्यामुळे ते काम हळूहळू तिच्या गळ्यात पडलं आणि शेवटपर्यंत तिथेच राहिलं. विस्कॉन्सिनच्या टेकड्यांत संघाच्या डेअऱ्या विखुरलेल्या होत्या. प्रत्येक डेअरीतून मुख्य ऑफिसपर्यंत फोन कंपनीची एकेक स्वतंत्र लाइन होती; कंपनी तिला सर्किट म्हणे आणि प्रत्येकीला नंबर देई. दुधाचं माप त्या लाइनवरून यायचं आणि कुठला टँकर कुठल्या चीज कारखान्याकडे वळवायचा, हे उलट त्याच लाइनवरून जायचं.

लाइनीत काडीएवढा बदल करायचा तरी मिलवॉकीला कंपनीच्या ऑफिसात फोन करावा लागे. तिथल्या ऑर्डर विभागात रोझलिंड प्रुइट नावाची बाई होती. आवाज घोगरा, बोलणं तुटक. पहिल्याच फोनला तिने व्हर्नाला झापलं होतं, "बाई, आधी सर्किट नंबर. गाऱ्हाणं मागाहून." पुढे वर्षानुवर्षं दोघी बोलत राहिल्या. एकमेकींचं तोंड पाहिलेलं नव्हतं, पण व्हर्नाच्या नवऱ्याचं गुडघ्याचं दुखणं रोझलिंडला ठाऊक होतं आणि रोझलिंडच्या चर्चमधल्या गायनमंडळातली भांडणं व्हर्नाला.

मग बार्नम फाट्याची डेअरी रस्त्यापलीकडच्या नव्या इमारतीत जायची ठरली. व्हर्नाने लाइन हलवायला सांगितलं. पण कंपनीच्या लेखी 'हलवणं' असं काही नव्हतंच. जुनी तोडणं हे एका खात्याचं काम, नवी जोडणं दुसऱ्याचं, आणि दोन्ही खात्यांचं एकमेकांशी बोलणं नाही. तोडणाऱ्यांनी तत्परता दाखवली. भर सकाळी माप येणं थांबलं आणि भरलेले टँकर डेअरीच्या आवारात उभे राहिले. जूनचं ऊन चढत होतं.

व्हर्नाने तोडणाऱ्या खात्याला फोन लावला. तिथला गृहस्थ शांतपणे म्हणाला, "जी लाइन अस्तित्वातच नाही, तिची तक्रार कशी लिहून घेऊ?" जोडणाऱ्या खात्याने सांगितलं की नवी लाइन तर चालू आहे, आमच्या नकाशावर दिसते आहे. व्हर्ना म्हणाली, मग टँकर तुमच्या नकाशावर पाठवते. तिथल्या माणसाने फोन ठेवला.

शेवटी तिने रोझलिंडला गाठलं. आधी सर्किट नंबर सांगितला, मग सकाळपासूनचं सगळं गाऱ्हाणं.

"फोन ठेवू नका," रोझलिंड म्हणाली.

दोन खात्यांना एकाच फोनवर आणायला कंपनीत सक्त मनाई होती. रोझलिंडने दोघांना आणलं, आणि वायरमन खांबावर चढल्याचं कळेपर्यंत कुणालाही सुटू दिलं नाही. दुपारी माप यायला लागलं. दूध वाचलं.

रोझलिंडची मात्र त्या विभागातून बदली झाली. व्हर्नाने पुन्हा फोन केला तेव्हा कुणी एक मुलगी म्हणाली, अशा नावाचं इथे कुणी नाही.

व्हर्ना गप्प बसणाऱ्यांतली नव्हती. बसने मिलवॉकीला गेली, गायनमंडळाच्या आठवणीवरून चर्च शोधून काढलं आणि रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसली. समोर रोझलिंड गात होती; घोगऱ्या आवाजावरून व्हर्नाने तिला ओळखलं. उंच, सडपातळ, काळीसावळी, डोक्यावर पिवळी हॅट. व्हर्नाने तिला कायम बुटकी नि जाडजूड कल्पिलं होतं. गाणं संपल्यावर व्हर्ना जवळ गेली आणि म्हणाली, "बाई, एक गाऱ्हाणं होतं."

"सर्किट नंबर?" आवाज ओळखून रोझलिंडने विचारलं, आणि दोघी हसत सुटल्या.

बदलीची हकिगत कळल्यावर व्हर्नाने माफी मागितली. रोझलिंड म्हणाली, "वेडी आहेस. त्या नोकरीत आठवावं असं मी एकच काम केलं, आणि तू त्याची माफी मागतेस?"

पुढे लाइनी गेल्या, सगळं इंटरनेटवर आलं. बार्नम फाट्याची लाइन शेवटची उरली होती. ती बंद करायला व्हर्नाने कंपनीला फोन लावला आणि यंत्राच्या आवाजाला आकडे दाबून उत्तरं देत राहिली. कुणी हटकलं नाही, कुणी झापलं नाही. काम इतकं सरळ झालं की तिला चुकल्या चुकल्यासारखं वाटलं.

तिने रोझलिंडच्या घरी फोन लावला. शेवटची लाइनही गेल्याचं सांगितलं.

"मग आता कुणाच्या नावाने खडे फोडायचे गं?" रोझलिंड म्हणाली.

व्हर्नाने खुर्ची ओढून घेतली आणि नवऱ्याच्या दुसऱ्या गुडघ्याची हकिगत सुरू केली.