थ्रासिवुलोस मागे बघत नाही

थ्रासिवुलोस ट्रॉलीबस चालवतो, त्यामुळे दिवसभर त्याचा एक डोळा आरशात असतो. कोण दाराला लोंबकळतंय, कोण तिकीट न काढता मागच्या मागे उतरतंय, सगळं त्याला दिसतं. अमावास्येच्या संध्याकाळी मात्र तो काही केल्या मागे बघत नाही.

तो चर्चच्या आधीच्या जुन्या देवांना मानतो. आमच्या इमारतीत, चौथ्या मजल्यावरच्या त्याच्या बाल्कनीत, एसीच्या डब्याशेजारी त्याचं देवघर आहे. एक दिवा, एक दगडी वाटी आणि अथीनाची मूर्ती. मूर्ती त्याने पर्यटकांच्या दुकानातून आणली. तिच्या तळाचं किमतीचं लेबल अजून निघालेलं नाही. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो देवांना लाल वाईन ओततो. वाटी लहान आणि देव पुष्कळ, त्यामुळे उरलेली वाईन खालच्या मजल्यावर किरिया पोलिक्सेनींच्या चादरींवर पडते.

आमच्याकडे बाईंना किरिया म्हणतात, पुरुषांना किर. किरिया पोलिक्सेनी विधवा आहेत. चर्चमध्ये पहिल्या रांगेत उभ्या राहतात आणि लुकुमी नावाच्या म्हाताऱ्या काळ्या कुत्र्याबरोबर राहतात.

"किर थ्रासो," त्या जिन्यात म्हणाल्या, "तुमच्या देवांना पांढरी वाईन चालते का, जरा विचारा."

"विचारतो. पण या वयात सवयी बदलतील असं वाटत नाही."

"मग देवघर बदला. इमारतीच्या रविवारच्या बैठकीत मी विषय काढणार आहे."

चादरींवर कोणी मतं दिली नसती. आमच्याकडे प्रत्येकाच्या कुंडीचं पाणी खालच्याच्या कपड्यांवर पडतं. म्हणून त्यांनी उंदरांचा विषय काढला. दर अमावास्येला थ्रासिवुलोस समोरच्या तिठ्यावर एकातीसाठी ताट ठेवतो. ती तिठ्यांची देवी. उकडलेली अंडी, तळलेले छोटे मासे, लसूण, मधाची वडी असं तिचं जेवण. सकाळी ताट चाटूनपुसून साफ असतं आणि अंड्यांची टरफलं आमच्या दारापर्यंत आलेली असतात. उंदीर म्हटल्यावर सगळ्या मजल्यांचे हात देवघराविरुद्ध वर झाले असते. गच्चीला कुलूप, घरात धूर कोंडतो. बाल्कनी बंद झाली की देव थेट कपाटात, हे थ्रासिवुलोसला ठाऊक होतं.

ताट कोण खातं हे थांबून बघितलं असतं तर प्रश्न मिटला असता. पण एकातीचं जेवण ठेवलं की पाठ फिरवायची आणि घरी जायचं. मागे बघितलं तर सगळं फुकट, आणि ही देवी फारशी सोशिक नाही.

जुने देव मानणारी त्याची मंडळी शनिवारी दातांचे डॉक्टर क्लेआन्थिस यांच्या दवाखान्यात जमतात, कारण तिथे खुर्च्या भरपूर आहेत. थ्रासिवुलोसने तिथे विचारलं, "आरशात बघितलेलं चालेल का? वाटेत एक स्कूटर उभी असते. आरसा चांगला मोठा आहे."

"थ्रासो, मी आयुष्यभर आरशातूनच लोकांच्या दाढा बघतोय," डॉक्टर म्हणाले. "मग काय, मी एकही दाढ बघितली नाही म्हणायचं?"

"म्हणजे चालणार नाही."

"बघितलं ते बघितलं, बाबा."

अमावास्या आली. मी माझ्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होते. खाली थ्रासिवुलोसने तिठ्यावर ताट ठेवलं, काहीतरी पुटपुटला आणि परत निघाला. स्कूटरजवळ त्याची मान आपोआप वळायला लागली. त्याने घोड्याच्या झापडासारखा हात गालाशी धरला आणि पुढे गेला.

तेवढ्यात बेकरीच्या कोपऱ्यावरून किरिया पोलिक्सेनी आल्या आणि त्यांनी लुकुमीचा पट्टा सोडला. लुकुमी सरळ ताटावर गेला. मासे संपवले, एक अंडं तोंडात धरलं आणि आनंदाच्या भरात थ्रासिवुलोसला मागे टाकून इमारतीच्या दारात जाऊन बसला. शेपूट हलवत, अंडं दाखवत.

थ्रासिवुलोस थांबला. मागून हाक आली, "लुकुमी, इकडे ये."

"शुभ संध्याकाळ, किरिया पोलिक्सेनी," थ्रासिवुलोस दाराकडे बघून म्हणाला.

"माणसाने माणसाकडे बघून बोलावं."

"आज नाही जमणार."

"मग तुम्ही मला पाहिलेलंच नाही."

"नाही. मी फक्त उंदीर पाहिला. काळा आहे, गळ्यात पट्टा आहे."

"जनावरांच्या डॉक्टरने लुकुमीला सपक भात सांगितलाय," त्यांचा आवाज खाली आला. "भाताकडे बघतसुद्धा नाही. महिन्यातून एकदा काय तो पोटभर जेवतो."

"जेवू दे की. ताट उचलतो तो एकातीचा माणूस, असं आम्ही मानतो. कुत्रं तर तिचं लाडकंच. आणि त्याला घेऊन येणारी बाई म्हणजे..."

"पुढे बोलू नका." त्यांनी छातीवर बोटांनी तीनदा क्रूस काढला. तो मला दिसला, त्याला नाही.

"मी कशाला बोलू? बैठकीत ताटाचा विषय निघाला तर मात्र सगळं समजावून सांगावं लागेल."

किरिया पोलिक्सेनींनी ताटाकडे बघितलं. "लसूण घालू नका. कुत्र्याला बाधतो."

"लसूण देवीला लागतो."

"मग वेगळ्या बशीत ठेवा. आणि वाईन कुंडीत ओता."

"ओततो."

त्या त्याला वळसा घालून दारात गेल्या. त्या समोर आल्या तेव्हा त्याने डोळे मिटून घेतले. उगाच शंका नको.

रविवारी बैठकीत दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ म्हणाले, "आणि ते उंदरांचं काय?"

"कसले उंदीर?" किरिया पोलिक्सेनी म्हणाल्या. "उंदीर असते तर सगळ्यात आधी मला कळलं नसतं का?" गृहस्थ त्यांच्याकडे बघतच राहिले. मग लिफ्टचा विषय निघाला आणि तो काही संपला नाही.

आता अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी थ्रासिवुलोसच्या दाराला पिशवीत किरिया पोलिक्सेनींनी घासलेलं ताट लटकलेलं असतं. आमच्याकडे ताट रिकामं परत करत नाहीत. त्यामुळे त्यात काही ना काही असतंच; एकदा, चर्चमध्ये मृतांसाठी प्रार्थना होते त्या शनिवारी, ताटात त्यांच्या नवऱ्याच्या नावाचा प्रसाद आला. थ्रासिवुलोस ताट घेऊन दारातच उभा राहिला. मग त्याने डॉक्टरांना फोन लावला.

"चर्चचा प्रसाद आपल्याला चालतो का?"

"आहे काय त्यात?"

"उकडलेले गहू, डाळिंब, साखर."

"गहू आपल्या दिमित्रादेवीचे, डाळिंब पर्सेफोनीदेवीचं. साखरेचं मला विचारू नकोस, मी दातांचा डॉक्टर आहे."

"वर बदामांचा क्रूस आहे."

उत्तराची वाट त्याने बघितली नाही. थ्रासिवुलोसने फोन ठेवला, चमचा घेतला, खुर्ची फिरवली आणि बाल्कनीतल्या देवांकडे पाठ करून सगळं ताट संपवलं.