रतनताईनं निवडलेली सिस्टीम

रतनताईला शहाणी म्हणणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढं होते, म्हणून माझा संतापही जास्त आहे.

बेडसे तिचं माहेर, दिलेली कामशेतला. वडगावच्या पुढं टॅब बनवणारी आमची कंपनी, तिथं नऊ वर्षं ती लोडिंग रूमची प्रमुख. टॅब जोडून आले की त्यात सिस्टीम भरायची, म्हणजे बटण दाबल्यावर पडद्यावर जे काही दिसतं-चालतं ते सगळं. हे आम्हा चौदा बायकांचं काम. एका वेळी वीस टॅब वायरींना लावायचे आणि उभ्यानं वाट बघायची. मधेच एखादा अडकला की पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी सुजलेले पाय चपलेत जायचे नाहीत. तिची भावजय कोमल आमच्यातच होती. रतनताईनंच तिला चिकटवलेलं.

फेब्रुवारीत आमचे मॅनेजर गोपाळकृष्ण साहेब, त्यांनी तिच्यापुढं दोन टॅब ठेवले. एकात आमची जुनी सिस्टीम, दुसऱ्यात नवी. "पुढच्या मालाला कुठली घ्यायची ते ठरवायचंय. तुमचा हात रोज यात असतो, तुम्हीच सांगा." साहेबानं लाइनवरच्या बाईला विचारलं, याचंच आम्हाला कोण कौतुक. आठ दिवस तिनं दोन्ही टॅब उलटेपालटे करून तपासले. नवी सिस्टीम चिपमध्येच आधी भरून येणार होती. वायर नको, वाट बघणं नको.

"हीच घ्या साहेब," ती म्हणाली. "पोरींचं पाय तरी वाचतील."

आता कुणी म्हणेल, बाईला एवढंही कळू नये? नाही कळलं. आमच्याकडं भाताची लावणी सावडीनं होते. आज तुझ्या खाचरात सगळ्या, उद्या माझ्या. एकीचं लवकर उरकलं तर तिला कुणी घरी धाडत नाही, सगळ्या मिळून पुढच्या बांधावर जातात. काम उरकलं की माणूस नकोसं होतं, हे तिच्या गावीच नव्हतं. माझ्याही नव्हतं, खोटं कशाला बोलू.

दोन महिन्यांनी एका सोमवारी फलकावर कागद लागला. लोडिंग रूम महिनाअखेर बंद, आणि खाली तेरा नावं. त्यात माझं नाव होतं. त्याखाली कोमलचं. रतनताईचं नव्हतंच.

ती तशीच साहेबांच्या केबिनमध्ये घुसली. आम्ही दाराशी उभ्या. "साहेब, मी पाय वाचवा म्हनलं, मान्सं काढा न्हाई म्हनलं. जुनीच ऱ्हाऊ द्या."

"ऑर्डर गेली, रतनताई," साहेब शांतपणे म्हणाले. "आणि तुमचं काय जातंय? तुम्ही बरोबरच निवड केलीत. तुम्हाला चेकिंगला घेतलंय. बसून काम आहे."

ती आमच्याकडं न बघता केबिनबाहेर पडली.

गेटपाशी कोमलनं तिला अडवलं. "वन्सं, तुमी ऱ्हानार हितं?"

रतनताईनं मान खाली घातली. "व्हय," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. लागट बोलायला तोंडही उघडलं होतं. पण तिच्या जागी मी असते तर मीही व्हयच म्हणाले असते, हे तिथल्या तिथं कळलं आणि मी गप्प बसले.

कोमल गप्प बसली नाही. "मग यंदा भाऊबीजेला येऊ नका," ती म्हणाली, आणि बसची वाट न बघता चालत निघाली.