शाकाहारी आहे ना?

घरात पाल दिसली की मी खुर्चीवर चढते. हे आधीच सांगून टाकते, उगाच कुणाला मी प्राणिमित्र वगैरे वाटायला नको. आंग मो किओच्या आमच्या फ्लॅटमध्ये ट्यूबलाइटच्या मागे एक पाल कायमची मुक्कामाला आहे. तिने नुसती शेपूट हलवली तरी माझा आरडाओरडा, मग नवऱ्याचा झाडू आणि दिवसभर त्याचे टोमणे. अशा बाईने पाच फुटी सरडा घरी आणायचं ठरवलं होतं. ठरवलं म्हणजे काय, त्याच्यासाठी लेकीच्या खोलीतलं कपाटसुद्धा हलवून झालं होतं.

झालं असं, की आमच्याच ब्लॉकमधली सातव्या मजल्यावरची माझी मैत्रीण कायमची पुण्याला परत निघाली. नवरा तिकडच्या नोकरीवर हजर व्हायला आधीच गेला होता, ही मागे राहून घर आवरत होती. इथे परदेशातल्या मराठी लोकांत एक पद्धत आहे. कुणी परत निघालं की ग्रुपवर यादी येते. इडलीपात्र, मिक्सर, गौरीचे मुखवटे, कुंडीतली तुळस. ज्याला हवं त्याने उचलायचं, आणि आपण निघालो की तेच पुढच्याला द्यायचं. माझं पुरणयंत्र अशाच एका घरातून आलंय, आणि त्या घरातल्या माणसांना मी जन्मात पाहिलेलं नाही. यादीतल्या वस्तूची चौकशी कोण करतं? आपल्याच माणसांकडून आलेली असते.

सरडा मात्र यादीत नव्हता. त्याच्यासाठी तिने मला मुद्दाम चहाला बोलावलं. नऊ वर्षांची माझी लेकही सोबत होती.

"किंचाळणार नाहीस ना?" असं म्हणत तिने आतल्या खोलीचं दार उघडलं. सहा वर्षांत मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. दर वेळी "अगं तिकडे नको, पसारा आहे" म्हणायची आणि मी म्हणायचे, असेल बाई, माझ्याकडे तरी काय कमी आहे! आत जाड पडदा ओढलेला, पिवळट दिवा लावलेला, आणि दिव्याखाली आडव्या फांदीवर... अगं आई गं! हिरवट राखाडी अंग, पाठीवर करवतीसारखे दाते, गळ्याखाली लोंबणारी कातडी, आणि शेपूट तर संपता संपेना. मी किंचाळलेच. हातातला चहा अर्धा माझ्या ड्रेसवर, अर्धा लादीवर.

त्याने फक्त मान वळवून एका डोळ्याने माझ्याकडे पाहिलं. पेपर वाचताना कुणी मध्येच बोललं की म्हातारी माणसं बघतात ना, अगदी तसं. म्हणूनच त्या घरात त्याला 'आजोबा' म्हणत. जात इग्वाना.

मी दाराला पाठ लावून उभी होते तेवढ्यात लेक माझ्या हाताखालून आत गेली. आता तिच्याबद्दल सांगायला हवं. तिला दमा आहे. केसाळ प्राणी जवळ आला की अंगावर पित्त उठतं आणि छाती वाजायला लागते. एका वाढदिवसाला मित्राच्या कुत्र्याशी खेळली, आणि केक कापायच्या आत आम्ही इस्पितळात होतो. तेव्हापासून मांजर नाही, कुत्रा नाही, ससा नाही. तिच्या वह्यांमध्ये मात्र पानोपानी प्राणीच. या पोरीने त्या धुडाच्या पाठीवर अलगद तळहात ठेवला. मी खोकला यायची वाट बघत राहिले. एक मिनिट गेलं, दोन गेली. खोकला आला नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, "नो फर."

तिथेच मी विरघळले, खोटं कशाला सांगू!

मग मात्र आम्ही चौकशीला बसलो, आणि मी मूळची पुण्याची, त्यामुळे चौकशी कसून झाली. चावतो का? सहसा नाही, पण शेपटीचा तडाखा देतो. वास येतो का? रोज साफ केलं तर नाही. किती जगतो? खूप. खातो काय? "पालेभाज्या, भोपळा, आणि जास्वंदीची फुलं," मैत्रीण म्हणाली. "अंडंसुद्धा नाही गं. शुद्ध शाकाहारी."

या एका वाक्याने सगळे गड सर झाले. सासूबाईंना पुण्याला व्हिडिओ कॉल लावला. त्या आधी "शी, काय ते ध्यान!" म्हणाल्या, मग विचारलं, "शाकाहारी आहे ना?" हो म्हटल्यावर म्हणाल्या, "मग चालेल. जास्वंद खातो म्हणजे गणपतीचाच म्हणायचा." नवरा तेवढा खो खो हसला. "पालीला घाबरणारी बाई पालीचे आजोबा घरी आणणार!" पण लेकीचा चेहरा बघून तोही गप्प बसला आणि कपाट हलवायला आला.

आम्ही इथे रिकाम्या रस्त्यावरसुद्धा सिग्नल तोडत नाही. एमआरटी ट्रेनमध्ये पाण्याचा घोट घेत नाही. विमानात कुणी च्युइंगम दिलं तर उतरण्याआधी टाकून देतो, इथे त्यालाही बंदी. अशी आम्ही माणसं, आणि आमच्यातल्या एकानेही, मी, नवरा, सासूबाई, कुणीही विचारलं नाही की हा प्राणी इथे घरात ठेवायची परवानगी तरी आहे का. आपल्या घरातून आपल्या घरात येणाऱ्या गोष्टीला कसली आलीय परवानगी!

मैत्रिणीने बजावलं होतं की दिवा जुना झालाय, नवा मी ऑनलाइन मागवून देते, तू दुकानात जाऊ नकोस. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय वस्तू घ्यायची मला सवय नाही. माझं ऑफिस पाया लेबारला. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत जवळच्या मॉलमधल्या पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेले आणि सरपटणाऱ्यांना लावतात तो दिवा मागितला. काउंटरमागे एक वयस्कर चिनी अंकल.

"कासवासाठी?" त्यांनी इंग्लिशमध्ये विचारलं.

"छे छे, याहून खूप मोठा!" मी तोऱ्यात म्हटलं आणि फोनवरचा फोटो दाखवला. आजोबा फांदीवर, शेपूट लेकीच्या मांडीवर, लेक हसतेय.

अंकलनी फोटो पाहिला. मग आजूबाजूला पाहिलं. मग माझ्या हातातून फोन घेतला आणि काउंटरवर पालथा ठेवला.

"ऑन्टी, हा फोटो कुणाला दाखवू नका," ते आवाज बारीक करून म्हणाले. "धिस वन कॅनॉट. इग्वाना कॅनॉट, घोरपड कॅनॉट. फाइन. मेबी जेल."

"पण तो शाकाहारी आहे," मी म्हणाले.

आईशप्पथ, हेच म्हणाले. आजही आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

सरकत्या जिन्याच्या कडेला उभं राहून मी फोनवर सरकारी वेबसाइटचं पान उघडून वाचलं. अंकलनी सांगितलं त्यातलं अक्षरही खोटं नव्हतं. भर एसीत मला घाम फुटला. तो फोटो ऑफिसात मी चौघींना दाखवला होता, वर कौतुक करून घेतलं होतं. आमच्या घरात नोकरीचा पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, माझा. नवरा आणि लेक माझ्या पासवर इथे राहतात, आणि पुढच्याच महिन्यात तो रिन्यू व्हायचा होता.

संध्याकाळी थेट सातवा मजला गाठला. चप्पलही काढली नाही.

"तुला माहीत होतं?"

ती पेटीत भांडी भरत होती. खाली बघूनच म्हणाली, "हो."

"कधीपासून?"

"तो घरी आला त्याच्या दुसऱ्या वर्षापासून. आम्हालाही असाच मिळाला गं, आधी परत गेलेल्या एका घरातून. वीतभर होता तेव्हा. नंतर कळलं, पण तोवर तो घरचा झाला होता."

"आणि मला सांगावंसं नाही वाटलं?"

"सांगितलं असतं तर घेतला असतास?"

सहा वर्षं माझ्या घराची दुसरी किल्ली हिच्याकडे होती. माझं बाळंतपण सोडलं तर माझ्याबद्दल हिला ठाऊक नाही असं काही नाही. आणि ही माझ्या लेकीच्या खोलीत अशी जोखीम ठेवून मंगळवारच्या विमानाने जाणार होती! मी तोंडाला येईल ते बोलले. ती रडायला लागली. "सरकारी लोकांच्या ताब्यात दिला तर मारूनही टाकतील गं. इथला प्राणी नाही तो. पार्कात सोडू का? ओढ्याकाठी घोरपडी फिरतातच की."

"वेड लागलंय का तुला? उभा जन्म त्याने एका खोलीत काढलाय," मी म्हटलं आणि दार आपटून खाली आले.

आता खरी गोष्ट. मी फोन केला नाही. कुणाला म्हणजे कुणालाच नाही, नवऱ्यालाही नाही. मी शिवणाच्या डब्यातून टेप काढली आणि लेकीच्या खोलीची खिडकी मोजायला घेतली. कापड जाड हवं, अस्तर लावून. दिव्याचा उजेड समोरच्या ब्लॉकमधून दिसता कामा नये. पास रिन्यू होईपर्यंत कुणाकडे बोलायचं नाही, एकदा झाला की पुढचं पुढे. माझ्याच डोक्यात हे सगळं इतक्या सराईतपणे जुळत होतं की मला माझीच भीती वाटली. पण हात थांबले नाहीत.

"आई, माझी विंडो का मेझर करतेस?" लेक दारात उभी.

मी सांगितलं. सगळं नाही. एवढंच, की आजोबांबद्दल बाहेर बोलायचं नाही.

"शाळेत पण नाही?"

"नाही."

"मग फ्रेंड्स आले तर? त्यांना माझ्या रूममध्ये कॅनॉट?"

ती जरा विचारात पडली, मग तिचं तिलाच उत्तर सुचलं. "ओके. मी सांगेन, पसारा आहे. मावशी सांगते तसं."

मी टेप हातात धरून जमिनीवर बसले. माझ्या पोरीला आयुष्यात पहिल्यांदा एक जनावर मिळत होतं, आणि त्याच्यासोबत मी तिला काय देत होते! लाज वाटली. इतकी, की तिच्याकडे बघवेना.

मग मात्र सगळं सांगितलं. कायदा, पास, आणि कदाचित आजोबा जिवंत राहणार नाहीत, हेही. ती रडली. रडता रडता छाती वाजायला लागली आणि पंप द्यावा लागला. त्या सरड्याने जे कधी केलं नव्हतं, ते मी केलं.

शनिवारी सकाळी मी पुन्हा वर गेले, लेकीला घेऊन. मैत्रिणीचे डोळे सुजलेले होते, पण तिने वाद घातला नाही. सरकारी खात्याला फोन तिनेच केला, स्वतःचं नाव तिनेच सांगितलं. पलीकडचा आवाज सभ्य होता. दुपारी माणसं येतील, तुम्ही घरीच थांबा, जबाब द्यावा लागेल. मंगळवारचं विमान गेल्यातच जमा होतं. प्राण्याचं पुढे काय करणार, हे मात्र आत्ता सांगता येणार नाही म्हणाले.

दुपारी आम्ही तिघी त्या खोलीत बसलो. लेकीने ताटलीत जास्वंदीची फुलं आणली होती, त्याने दोन खाल्ली. मग ती उठली आणि कुणालाही न विचारता तिने पडदा सरकवला. कड्या गंजलेल्या होत्या, दोन्ही हातांनी ओढावा लागला. उन्हाचा मोठा चौकोन लादीवर पडला.

आजोबा बराच वेळ हलले नाहीत. मग फांदीवरून उतरले, एकेक पाय टाकत उन्हापर्यंत गेले, तिथे पोट टेकून आडवे झाले आणि डोळे मिटले. ते धूड अंगणात वाळत घातलेल्या गोधडीसारखं सैल पडलं होतं.

मैत्रीण बघत राहिली. "नऊ वर्षं," ती म्हणाली, "नऊ वर्षं मी त्याला नुसता दिवा दाखवला गं."

तेवढ्यात दाराची बेल वाजली. आम्ही दोघी मोठ्या बायका जागच्या हललो नाही. लेकीने त्याच्या पाठीवर एकदा हात ठेवला, आणि जाऊन दार उघडलं.