सिग्नलला बंद न पडणारी गाडी

आमच्या कांदिवलीच्या टेम्पो स्टँडवर भाडं मिळायच्या आधी किस्सा मिळतो. गाड्या उभ्या, माणसं रिकामी, मग तोंडं चालणारच ना यार! त्यातले निम्मे किस्से एकट्या पेडणेकरांचे.

पेडणेकर मूळचे मालवणचे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि आता कुठे स्वतःचा छोटा ट्रक घेतला. घेतला त्याच दिवशी स्टँडवर जाहीर केलं, "माझी मनाली लग्नाच्या हॉलवर जाईल ती बापाच्या गाडीतून!" व्याही बोरिवलीचे, दाराशी मोठी कार. त्यामुळे प्रश्न इज्जतीचा होता.

*

पहिल्याच सिग्नलला त्या नव्या ट्रकचं इंजिन आपोआप बंद झालं. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. पेडणेकरांनी घाबरून शोरूमला फोन लावला. तिकडून उत्तर आलं, "काका, हे ऑटो स्टार्ट-स्टॉप आहे. गाडी उभी राहिली की इंजिन बंद, क्लच दाबला की चालू. डिझेल वाचतं!"

"नवी गाडी सिग्नलाक बंद पडता, आणि त्याका तुमी सोय म्हणतास?"

बटण दाबून ही सोय बंद करता येते, पण दर वेळी गाडी सुरू केली की ते दाबावं लागतं. पेडणेकर नेमके विसरायचे.

*

शिरीषकडेही तसाच ट्रक. पवईची ऑफिसातली नोकरी सोडून हा धंद्यात आला, त्यामुळे बायको, विद्या, फोनवर हजेरी घेते. एकदा तो सिग्नलला असताना तिचा फोन आला. इंजिनचा आवाज नाही!

"गाडी लावून चहा ढोसतोयस ना?"

"सिग्नलला आहे गं!"

"सिग्नलला गाडी कोण बंद करतं रे? हॉर्न वाजव बघू!"

शिरीषने वाजवला. हवालदाराने त्याला बाजूला घेतलं आणि झापझाप झापलं. ते सगळं ऐकून विद्या म्हणाली, "हां, आता पटलं!"

*

पेडणेकरांनी डॅशबोर्डवर गणपती बसवला आणि भोवती लाइटची माळ लावली. गाडी बंद असली तरी माळ चालूच. देवाला अंधारात कसं ठेवायचं? थोड्याच दिवसांत गाडीने सिग्नलला बंद पडणं सोडलं. पेडणेकर पेढे घेऊन स्टँडवर हजर! "बाप्पान ऐकल्यान रे!"

पेढा तोंडात असतानाच बॅटरीच्या दुकानवाल्या सुरेखाताई म्हणाल्या, "काका, तुमची बॅटरी उतरलीय. इंजिन बंद केलं तर पुन्हा चालू होईल की नाही, याची गाडीलाच खात्री नाही. म्हणून ती बंद करत नाही."

"म्हणजे शाणी आसा गाडी! मगे बॅटरी बदलूची कित्याक?"

सुरेखाताईंनी दुसरा पेढा घेतलाच नाही.

*

पुढे पुढे सकाळी ट्रकला धक्का मारणं हा आमचा व्यायामच झाला. दिवसभर इंजिन बंद करायची म्हणून पेडणेकरांची हिंमत होईना. जेवायला बसले तरी गाडी शेजारी धडधडतेय! आम्ही बॅटरीचं नाव काढलं की म्हणायचे, "बाप्पा बघतलो."

*

लग्न आलं तशी आमचीच वाट लागली. वधूची गाडी बंद पडली तर पेडणेकर व्याह्यांसमोर मान वर करणार नाहीत. शेवटी हळदीच्या गडबडीत मनालीने गुपचूप किल्ली आणून दिली, आणि सुरेखाताईंनी नवी बॅटरी बसवली. पेडणेकरांना पत्ता नाही. सकाळी गाडी धक्क्याशिवाय चालू झाली, त्याचंही श्रेय बाप्पालाच!

दुसऱ्या दिवशी व्याही स्वतः कार घेऊन न्यायला आले. पेडणेकरांनी हात जोडले आणि मनालीला ट्रकमध्ये शेजारी बसवलं. व्याह्यांना वाईट वाटू नये म्हणून मी आणि शिरीष त्यांच्या कारमध्ये बसलो. पुढे फुलांनी सजलेला ट्रक, मागे आम्ही. एकदम झकास!

बोरिवलीच्या सिग्नलला ट्रक थांबला. नव्या बॅटरीने आपलं काम चोख केलं. इंजिन बंद!

पेडणेकर खिडकीतून अर्धे बाहेर येऊन ओरडले, "मेलंय मी! धक्को मारा रे! मुहूर्त जातलो!"

मी म्हणणार होतो, "काका, नुसता क्लच दाबा." पण तेवढ्यात व्याही फेटा सावरत कारमधून उतरले, धावत गेले आणि ट्रकला दोन्ही हात लावून उभे राहिले. "हां, पेडणेकर! टाका सेकंड गिअर!"

पेडणेकरांनी सेकंड टाकायला क्लच दाबला. इंजिन चालू!

हॉलच्या दारात व्याही छाती फुगवून सगळ्यांना सांगत होते, "सून आणायला मी स्वतः धक्का मारलाय!"

पेडणेकरांनी त्यांना कडकडून मिठी मारली. डोळे भरून आले होते. आम्हाला म्हणाले, "व्याही मिळाक व्हयो तर असो!"