उसना आवाज

इंदापूरच्या पोपटचा स्वतःचा आवाज कसा आहे, हे आम्हा बारामतीकरांना दोन वर्षं कळलंच नाही. त्यांच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात तो राखीव खेळाडू. खेळायचा कमी, बाकावर बसून नकला फार. आमच्यातलं कुणी फ्री थ्रोला उभं राहिलं, की मागून त्याच्या ओळखीचंच माणूस ओरडायचं. बाजारात, एसटीत हा बेटा कान लावून आवाज गोळा करायचा. आमच्या कॅप्टनला एकदा स्वतःच्या चुलत्याची शिवी ऐकू आली आणि चेंडू रिंगला शिवलासुद्धा नाही. "आमी हात तरी लावला का?" म्हणत त्यांचा अख्खा बाक दात काढत होता.

पुढचा सामना अटीतटीचा झाला. एका गुणाने मागे होतो, शेवटचे दोन फ्री थ्रो माझे. चेंडू उचलला आणि मागून आवाज आला, "बाळ्या, सरक की म्होरं!"

दादा. माझे वडील. इंदापूर गाडीचे कंडक्टर, सगळ्या बसदेखत मला असंच दटावायचे. त्यांना जाऊन पाच महिने झाले होते. दोन्ही चेंडू वाया गेले, आम्ही हरलो आणि त्यांची पोरं नाचली.

मी पोपटची कॉलर धरली. तेव्हा त्याचा खरा आवाज ऐकला, बारीक, चिरका. "कंडक्टरदादा गेल्यात? देवाशपथ, मला ठावं न्हाय रं!" उगारलेला हात खाली आला. माझ्याच तोंडून निघालं, "परत एकदा बोल."

दादांचा आवाज घरात कुणाच्याच मोबाइलमध्ये नव्हता. मी त्याला तसाच पिंपळीला घरी नेला. ड्यूटीवरून आल्यावर दादा दारात थट्टेनं जे म्हणायचे, ते शिकवलं. उंबऱ्यात उभा राहून तो म्हणाला, "पिंपळी, पिंपळीवाले उतरा!"

आत आई भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "आज लवकर आलासा?"

मग थापणं थांबलं.

ती बाहेर आली, तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. दादांच्या ताटात त्याला जेवायला वाढलं. तो हात धुऊन उठला तेव्हा म्हणाली, "लेकरा, ह्यो आवाज परत काढू नगंस. मी वाट बघाय लागंन."

त्यानं ते पाळलं. परतीच्या सामन्यात फ्री थ्रोला मी मुद्दाम वेळ काढला. शेवटी मागे पाहिलं, तर पोपट दोन्ही हातांनी तोंड दाबून बसला होता. त्याचे डोळे भरले होते.

आता त्याचं बावड्याला दुकान आहे, गिऱ्हाइकांशी स्वतःच्या चिरक्या आवाजात बोलतो. मला त्याची माया वाटते. पण दादांची आठवण आली की कानात "सरक की म्होरं" येतं आणि तो आवाज दादांचा की पोपटचा, हे मला सांगता येत नाही. आईला कुणाचा ऐकू येतो, हे विचारायची हिंमत होत नाही.