सुटता कामा नये

नव्वदच्या दशकात मी नाशकात पोस्टाच्या खिडकीमागे बसून तिकिटं विकत होते, आणि दर शनिवारी दुपारी पंचवटीतल्या मुलींच्या एका वसतिगृहात गाईड कॅप्टन म्हणून जात होते. हे काम हौसेचं. कोणी बोलावत नाही, कोणी पगार देत नाही. घरी माझ्या शब्दाला भाजीत मीठ किती घालायचं एवढ्यापुरतीच किंमत होती. शनिवारी मात्र शिट्टी वाजली की बत्तीस मुली रांगेत उभ्या राहायच्या आणि मला तीन बोटांचा सलाम ठोकायच्या. खोटं कशाला बोलू, त्या सलामासाठी मी आठवडा रेटायचे.

मुली सगळ्या पेठ, सुरगाणा, हरसूल भागातल्या पाड्यांवरच्या. शिकायला नाशकात राहायच्या, सुट्टीत घरी जायच्या. मी त्यांना तंबू ठोकायला शिकवलं, झेंडा बांधायला शिकवलं, काठ्या आणि चादर घेऊन रुग्णाची झोळी करायला शिकवलं. चुली पेटवायला त्यांनी मला शिकवलं, पण ते मी कुठे लिहून ठेवलं नाही.

जिल्हा मेळाव्यात प्रथमोपचाराची स्पर्धा असायची. पहिल्या वर्षी आमची मुलगी पट्टी बांधून बाजूला झाली आणि परीक्षक बाईंनी ती दोन बोटांनी नुसती ओढली. पट्टी त्यांच्या हातात आली. मैदानभर हशा पिकला. शहरातल्या मोठ्या शाळांच्या मुली, इस्त्रीचे गणवेश, कडक स्कार्फ, आणि त्या सगळ्या आमच्याकडे बघून हसत होत्या. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. परतताना बसमध्ये मी एका मुलीशीही बोलले नाही, आणि त्या बिचाऱ्या आपलंच काहीतरी भयंकर चुकलं म्हणून गप्प बसून राहिल्या.

पुढचं वर्षभर मी एकच ध्यास घेतला. पट्टी ओढली तरी सुटता कामा नये.

माझ्या आधीच्या कॅप्टनबाईंकडून आलेली एक जुनी पुस्तिका माझ्याकडे होती. पानं पिवळी पडलेली, पाठ दोऱ्यानं शिवलेली. सर्पदंशाच्या पानावर त्या काळची रीत दिली होती: जखमेच्या वरच्या बाजूला करकचून बांधा. त्याखाली एक ओळ होती, ‘थोड्या थोड्या वेळाने गाठ सैल करून रक्त वाहू द्यावे.’ स्पर्धेत गाठ सैल करायला गुण नव्हते. उलट नेमक्या त्याच वेळी परीक्षक आले आणि त्यांनी ओढून पाहिलं, तर सगळंच मुसळ केरात. मी पेन्सिल घेतली आणि त्या ओळीवर रेघ मारली. मुलींना सांगितलं, गाठ मारली की मारली, ती डॉक्टरच सोडतील. हे वाक्य मी त्यांच्याकडून मोठ्यानं म्हणून घेत असे. बत्तीस मुली एका सुरात म्हणायच्या, “डॉक्टरच सोडतील!” मला फार बरं वाटायचं.

वर आणखी एक अक्कल शिकवली. म्हटलं, गावात लोक काहीही सांगतील. हा साप विषारी, तो बिनविषारी, चला भगताकडे. आपण गाईड आहोत, ऐकायचं नाही. आता सांगायला लाज वाटते, पण तोवर मी जिवंत साप पाहिला होता तो रामकुंडाजवळ गारुड्याच्या टोपलीत, तोही चार हातांवरून. आणि समोर बसलेल्या मुली पायाला चालता येऊ लागल्यापासून भातशेतात वावरलेल्या. त्यांना विचारावं असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

त्या वर्षी ढाल आम्ही आणली. ज्या गाठीवर आणली ती मारणारी मुलगी आमची संघनायिका होती, नववीतली, पेठच्याही पलीकडच्या एका पाड्यावरची. अंगानं किरकोळ, बोलणं कमी, पण सांगितलेलं एकदा कानात गेलं की दगडावरची रेघ. परीक्षकांनी तिची गाठ दोन बोटांनी ओढली, मग मुठीनं ओढली, मग हसून म्हणाले, “ही काही सुटत नाही बुवा.” तिनं माझ्याकडे बघितलं. तो चेहरा मला अजून दिसतो.

मग दिवाळीची सुट्टी लागली आणि मुली गावी गेल्या. भात कापणीला आलं होतं. भाऊबीज होऊन दोन-तीन दिवस झाले असतील, पोस्ट बंद व्हायच्या सुमारास फोन आला. तिचाच. तिला पाठ असलेला शहरातला एकच नंबर म्हणजे आमच्या पोस्टाचा.

“ताई, मी नाशकात सरकारी दवाखान्यात हाय. आईला साप चावला. मी प्रथमोपचार केला.”

मी विचारलं, “आई कशी आहे?”

“बोलते. हात लय सुजलाय. ताई, गाठ सुटली नाय.”

मी रिक्षा पकडली. आणि रिक्षात मी काय करत होते? मनातल्या मनात अर्ज लिहीत होते. पंधरा वर्षांच्या मुलीनं आईचे प्राण वाचवले, तिला शौर्याबद्दल पुरस्कार मिळावा, असा. शेजारच्या खिडकीवरच्या सहकाऱ्याला तर निघताना सांगूनही आले होते, “माझी मुलगी आहे हो ती, मी तयार केलेली.” त्या रिक्षाची आठवण आली की आजही मी एकटी असताना तोंडावर हात ठेवते.

ती वॉर्डाबाहेर उभी होती. परकर-पोलकं, पायाला चिखल वाळलेला. मला बघताच तिनं टाचा जुळवल्या आणि सलाम केला. बाप भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. तिनं मला सगळं क्रमानं सांगितलं, वहीत अहवाल लिहायची तिची पद्धत होती अगदी तशी. सकाळी सकाळी आई भात कापत होती. उजव्या हातात विळा, डाव्या हातात भाताची मूठ. मुठीखालीच साप होता, तो डाव्या हाताला डसला. तिनं पेटीतून गाईडचा स्कार्फ काढला आणि कोपराच्या वर बांधला.

“बाबा म्हणले दिवड हाय, दिवडाला विष नसतं. आजी म्हणली सोड. आईपण म्हणली, पोरी, हात तुटतोय, सोड गं. लय रडली आई. पण मी कोणाचं ऐकलं नाय. दुपारी हात काळानिळा पडला, तर मला वाटलं विष चढतंय, म्हणून वर दुसरी गाठ मारली. मग सगळेच घाबरले. झोळी करून रस्त्यापर्यंत आणली. दिवाळीमुळं जीप मिळंना.”

बोलताना तिचे डोळे चमकत होते. आई रडली हे सांगताना सुद्धा, कारण ती डगमगली नव्हती. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हात आवळलेला होता. मी तोंड उघडणार तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात स्कार्फ होता, कात्रीनं कापलेला. गाठ तशीच होती.

“हे कोणी बांधलं?”

तिनं हात वर केला. वर्गात करतात तसा.

डॉक्टर तरुण होते आणि दमलेले होते. ते ओरडले नाहीत. ते म्हणाले, “विषाचं एकही लक्षण नाहीये. साप बिनविषारी होता. बांधलं नसतं तर ही बाई आज घरी भाकरी करत असती. असं बांधायचंच नसतं. कोणी शिकवलं हे तुला?”

तिनं माझ्याकडे बघितलं. फक्त एकदा. मग खाली बघून म्हणाली, “कोणी नाय. मीच बांधलं.”

आणि मी गप्प राहिले.

हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. मी त्या मुलीला गाईडचं वचन शिकवलं होतं, खरं बोलणं शिकवलं होतं, आणि ती माझ्यासाठी खोटं बोलत असताना मी पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत उभी होते. बाप भिंतीपासून म्हणाला, “पोरीला बोलू नका साहेब. तिला वाटलं आई वाचंल.” डॉक्टर आत गेले. मला वाटलं आता ती रडेल. ती रडली नाही, नुसती स्वतःच्या हातांकडे बघत राहिली.

दोन दिवस डॉक्टरांनी हात वाचवायची खटपट केली. मी रोज पोस्टातून डबा घेऊन जायचे, बसायचे, आणि न बोलता परत यायचे. तिसऱ्या दिवशी तिच्या आईचा डावा हात कोपराच्या वरून काढला. बाप मला म्हणाला, “विळा उजव्या हातात असतो, पण भात धरायला डावाच लागतो.” त्यानं हे रागानं म्हटलं नाही. तो मला फक्त कापणी कशी करतात ते सांगत होता, शहरातल्या बाईला माहीत नसेल म्हणून. दिवाळीनंतर ती मुलगी वसतिगृहात परत आली नाही. घरात दुसरा डावा हात तिचाच होता.

पण त्या दिवशी, हात काढल्यावर, मी घरी जाऊन पुस्तिका आणली. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसली होती. मी शेजारी बसले आणि म्हटलं, “चूक तुझी नाही. माझी आहे. मी चुकीचं शिकवलं.”

तिनं जोरात मान हलवली. “नाय ताई. तुम्ही बरोबरच शिकवलं असणार. मीच कायतरी विसरले.”

दोन दिवस ती तेच शोधत होती. आपण कोणती पायरी विसरलो, ते. मी पान उघडून तिच्या मांडीवर ठेवलं. तिनं बोट ठेवून वाचलं. रेघ पेन्सिलीची होती, खालची अक्षरं स्पष्ट दिसत होती. तिनं ती ओळ दोनदा वाचली, ओठ हलवत.

“ही रेघ कोणी मारली?”

“मी.”

“का?”

मी सांगितलं. स्पर्धा, गुण, परीक्षकांची दोन बोटं. सांगताना माझाच आवाज मला ऐकवेना. मला वाटलं ती पुस्तिका फेकून देईल, मला काहीतरी बोलेल. मी त्याचीच वाट बघत होते, खरं तर. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. ती पानाकडे बघत बसली, आणि अचानक ताठ झाली.

“ताई, बाकीच्या पोरी?”

मला कळलं नाही. मी म्हटलं, “काय बाकीच्या?”

“त्या पण गावालाच हायेत. कापणी चालू हाय सगळीकडं.”

तीन दिवस. तीन दिवस मी माझं पाप, माझी लाज, माझं तोंड कसं दाखवू, हेच कुरवाळत बसले होते. एकतीस मुली भातशेतात उभ्या होत्या, प्रत्येकीच्या पेटीत स्कार्फ होता, आणि प्रत्येकीला मी शिकवलं होतं की आईनं विनवलं तरी ऐकायचं नाही. हे माझ्या मनातही आलं नव्हतं. जिची आई आत हात गमावून पडली होती, तिच्या आलं.

पर्समध्ये पोस्टकार्डांचा गठ्ठा होता, आम्हा पोस्टवाल्यांकडे असतोच. तिला सगळ्यांचे पाडे पाठ होते. मी पत्ते घालत गेले, ती सांगत गेली, कोणत्या गावाला डाक रोज जाते, कोणत्या गावाला बाजाराच्या दिवशीच जाते, ते सुद्धा. मजकूर मी लिहायला घेतला, ‘प्रिय मुलींनो, एका दुर्दैवी गैरसमजामुळे’ असा काहीतरी. तिनं कार्ड माझ्या हातातून ओढून घेतलं आणि दुसऱ्या कोऱ्या कार्डावर स्वतः लिहिलं: साप चावला तर काही बांधू नका. बांधायला शिकवलं ते चूक होतं. माणसाला न चालवता लगेच दवाखान्यात न्या. घरची मोठी माणसं सांगतील ते ऐका.

एकतीस कार्डं तिनं लिहिली. मध्येच आतून आईनं हाक मारली की उठून जायची, पाणी पाजून परत येऊन बसायची. शेवटचं कार्ड झाल्यावर तिनं सगळा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. खाली नाव नव्हतं.

मी म्हटलं, “तुझंच नाव घाल. तू संघनायिका आहेस. हे तुझं काम आहे.” मला खरंच वाटलं होतं की मी तिला मान देतेय.

“नाय ताई,” ती म्हणाली, “सही तुमचीच पाहिजे. दुसऱ्या कोणी सांगितलं तर त्या ऐकायच्या नायत.” मग वॉर्डाच्या दाराकडे बघत म्हणाली, “मी तरी कुठं ऐकलं?”