मेंढ्यांची शिफ्ट

बाबांना अर्धांगवायू झाला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. ते भोपाळच्या एका सरकारी कारखान्याच्या टाउनशिपमध्ये माळी होते. आम्ही राहायचो एका अधिकाऱ्याच्या बंगल्यामागच्या आउटहाऊसमध्ये, एका खोलीत. घरातलं कुणीतरी माळ्यांच्या गँगवर असेल तोवरच ती खोली आपली, असा नियम. बाबा अंथरुणाला खिळले आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या जागी आई लागली.

कारखान्याच्या भिंतीलगत नवं रोपवन लावलं होतं, एका बाजूला करंज, दुसऱ्या बाजूला शिसव. झाडं माझ्या खांद्याइतकी आणि गवत कमरेइतकं. पावसाळाभर आई उकिडवी बसून निंदण करायची. पायाच्या बोटांत चिखल्या, त्यावर मेंदीचा लेप. संध्याकाळी तिला दोन्ही हातांना धरून उठवावं लागे. गँग एका टोकाकडून निंदत दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला गवत परत माजलेलं असायचं.

मी बी.एस्सी. झाले. आईकडच्या आणि बाबांकडच्या दोन्ही घराण्यांत पदवी घेतलेली पहिली मीच, आणि हे मी आजही कुणी न विचारता सांगते. पण नोकरी मिळाली ती त्याच बागकाम विभागात, हंगामी सुपरवायझर म्हणून. हंगामी माणसाला खोली मिळत नाही. तेव्हा खोली आईच्या गुडघ्यांवरच टिकून होती. रोज आठच्या भोंग्याला मी रोपवनाच्या फाटकात मस्टर घेऊन उभी राहायचे आणि आईचं नाव पुकारायचे. ती "हाजिर" म्हणायची. घरी आम्ही दोघी त्याबद्दल कधी बोललो नाही.

एकदा मंडीदीपहून बसनं येताना रस्त्याकाठच्या बागेत राजस्थानी मेंढपाळाचा कळप दिसला. लहान झाडांच्या ओळींमधलं गवत मेंढ्या साफ करत होत्या आणि झाडं शाबूत होती. मी बस थांबवून उतरले, त्या म्हाताऱ्या मेंढपाळाशी बोलले आणि घरी येऊन आईला उत्साहानं सांगितलं.

आईचा चेहराच उतरला. "मेंढ्यांनी गवत खाल्लं तर गँग कशाले पाह्यजे? पयले मलेच काढतील. खोली गेली तर तुह्या बाबाले कुठं नेशीन?"

तरी मी साहेबांकडे गेलेच. तिचे पाय मला बघवत नव्हते.

साहेब पुण्याकडचे, बागकाम विभागाचे प्रमुख. म्हणाले, "बाई, मेंढ्यांची हजेरीही तुम्हीच घेणार का? बरं. एक दिवस करून बघा. पण कागदावर आणा." मी कागद केला. इतका नीटनेटका कागद त्या विभागात कुणी केला नसेल. मेंढ्या आठच्या भोंग्याला आत, पाचच्या भोंग्याला बाहेर. आमच्याकडे माणसं, ट्रक, चहाची किटलीसुद्धा भोंग्यावर चालायची, मेंढ्या वेगळ्या चालतील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ठरल्या दिवशी त्या म्हाताऱ्याच्या मेंढ्या फाटकातून आत आल्या तशा गँगमधल्या बाया हसायला लागल्या. "मैडम, इनका टिफिन कहाँ है?" पण मेंढ्यांनी माना खाली घातल्या आणि बाया गप्प झाल्या. अकराच्या आत शिसवाच्या ओळींमधली जमीन दिसू लागली होती. मग एकेक मेंढी बसली आणि रवंथ करू लागली.

मेंढपाळ माझ्याकडे आला. "बाईसाब, अब निकाल दो. पेट भर गया."

"पाच बजे."

"भरे पेट की भेड़ चरती नहीं, बिगाड़ती है."

मी त्याला कागद दाखवला. त्याला वाचता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर म्हणूनच दाखवला. फाटकावरचा शिपाईही म्हणाला, भोंग्याशिवाय कुलूप निघणार नाही. मेंढ्या आत, मी आत, आणि बाहेर पडायचा रस्ता मीच लिहून बंद केलेला. दुपारी त्या उठल्या. खालचं गवत संपलं होतं. त्यांनी शिसवाची कोवळी साल सोलायला घेतली. आम्ही फांद्या घेऊन हाकलत राहिलो. त्या एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जायच्या. पाचला कुलूप निघालं तेव्हा दोन ओळी पांढऱ्या पडल्या होत्या.

साहेबांनी बघितलं. "संपलं. उद्यापासून गँग."

घरी मी आईचे पाय धूत होते. वाटलं होतं, तिला सुटल्यासारखं वाटेल. ती म्हणाली, "सकाळी त्यायनं जेवढं खाल्लं, तेवढं निंदायले आम्हाले आठवडा लागते. मेंढ्या नाही चुकल्या, तुहं घड्याळ चुकलं. जाय, साहेबाले सांग. अन् खोलीचंही लिहून घेजो."

चूक माझी होती, हे साहेबांसमोर म्हणायला मला फार जड गेलं. पण म्हटलं, आणि नवा कागद पुढे केला. मेंढ्या बसल्या की फाटक उघडायचं, भोंगा वाजो न वाजो. आधी करंजाची बाजू, कारण करंजाला त्या तोंड लावत नाहीत. शिसवाच्या बुंध्यांना बाभळीचे काटे बांधल्याशिवाय तिकडे सोडायच्या नाहीत. आणि गँगच्या बायांना विभागाच्या नर्सरीत रोपांच्या पिशव्या भरायला घ्यायचं, त्यांच्या खोल्यांसकट.

"मेंढ्यांची वकिली, वर बायांचीही?"

"हो साहेब. एकाच कागदावर."

त्यांनी कागद वरून खालपर्यंत वाचला. नर्सरीतल्या पिशव्या दर पावसाळ्यात रिकाम्या पडून राहायच्या, कारण सगळ्या बाया निंदणावर, आणि त्याबद्दल त्यांनाच वरच्यांकडून बोलणी बसायची. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. शेवटी त्यांनी पेन उघडलं. "गाजरगवताचं काय?"

"ते मेंढ्या खात नाहीत. फुलायच्या आधी आम्ही उपटू."

त्यांनी सही केली.

गाजरगवत मी आणि दोन मजूर उपटत राहिलो, अंगाला खाज सुटेपर्यंत. तेवढं काम काही टळलं नाही. बाकीचं निंदण त्या पावसाळ्यात मेंढ्यांनी केलं. आई नर्सरीच्या छपराखाली स्टुलावर बसून पिशव्यांत माती भरू लागली, आणि खोली आमच्याकडे राहिली.